उसन्या पैशांचे आरमार : एगादी बेटांच्या लढाईची प्रस्तावना

रोम आणि कार्थेज यांचे वैर म्हटले की मराठी वाचकाला हॅनिबल आठवतो, आल्प्स ओलांडणारे हत्ती आठवतात, आणि वाचन थोडे अधिक असेल तर कॅनीच्या मैदानावर एका दिवसात कापली गेलेली रोमन फौज आठवते. हे सारे दुसऱ्या प्युनिक युद्धातले. त्याआधीचे पहिले युद्ध इ. स. पू. २६४ ते २४१ असे तेवीस वर्षे चालले, ते सिसिली बेटासाठी होते आणि त्याचा निकाल समुद्रात लागला. सिसिलीच्या पश्चिम टोकाला, आजच्या त्रापानी शहरासमोर, लेव्हान्झो, फाविन्याना आणि मारेत्तिमो ही एगादी बेटे आहेत. तिथे २४१ च्या मार्चमध्ये रोमन आरमाराने कार्थेजचे आरमार मोडले आणि काही आठवड्यांत कार्थेजने सिसिली सोडून दिली. ही लढाई लोकांच्या स्मरणात राहिली नाही, याचे एक कारण असे की तिच्यात नाट्य फारसे नाही. डावपेचांची कमाल नाही, आणि विजयी सेनापती तर जखमी होऊन पडलेला होता. युद्धशास्त्राच्या पुस्तकांना अशा लढाईचे काय कौतुक असणार? पण युद्ध पैशांवर कसे चालते आणि पैसा संपल्यावर कोणाच्या जोरावर रेटले जाते, हे समजून घ्यायला प्राचीन इतिहासात हिच्याइतकी बोलकी लढाई क्वचितच सापडेल. या पुस्तकाचा विषय तो आहे. एगादीला रोम जिंकला तो शौर्यात सरस होता म्हणून नव्हे, आणि वाऱ्याने साथ दिली म्हणूनही नव्हे. खजिन्यात खडखडाट असताना आपल्याच श्रीमंतांकडून उसने घेऊन नवे आरमार उभे करण्याची सोय त्याच्याकडे होती आणि कार्थेजकडे ती नव्हती, म्हणून तो जिंकला, असे माझे म्हणणे आहे.

रोमला या कर्जापर्यंत कशाने आणले ते आधी पाहिले पाहिजे. युद्ध सुरू झाले तेव्हा रोमकडे नाव घेण्याजोगे आरमार नव्हते. ते त्याने उभे केले, २६० मध्ये मायली इथे आणि २५६ मध्ये एक्नोमस इथे मोठे विजयही मिळवले. मग समुद्राने हिशेब चुकता करायला सुरुवात केली. २५५ मध्ये सिसिलीच्या दक्षिण किनाऱ्यावर वादळात सापडलेल्या ३६४ जहाजांपैकी अवघी ८० वाचली, असे पॉलिबियस हा ग्रीक इतिहासकार सांगतो. दोनच वर्षांनी आणखी दीडशेहून अधिक जहाजे अशीच गेली. २४९ मध्ये द्रेपाना, म्हणजे आजचे त्रापानी, इथे पुब्लियस क्लॉडियस पुल्करने ९३ जहाजे शत्रूच्या हाती घालवली. शकुनासाठी पाळलेल्या पवित्र कोंबड्या दाणे टिपेनात, तेव्हा ‘खात नाहीत तर पाणी तरी पिऊ देत’ म्हणून त्याने त्या समुद्रात फेकल्या, ही गोष्ट याच लढाईची. रोमन लोकांना ती सांगायला फार आवडे, कारण तिच्यामुळे पराभवाचे खापर एका उद्धट माणसाच्या माथी मारता येई. त्याच हंगामात दुसऱ्या सेनापतीचे आरमार वादळात फुटले, आणि त्यानंतर रोमने समुद्राचा नाद सोडला. माणसांची झीजही कमी नव्हती. शिरगणतीतील रोमन नागरिकांची संख्या २५२ च्या सुमारास २,९७,००० होती, ती पाच वर्षांत २,४१,००० वर आली. सिसिलीत हॅमिल्कार बार्का, म्हणजे हॅनिबलचा बाप, एरिक्सच्या डोंगरावर ठाण मांडून बसला होता. डोंगराच्या माथ्यावर रोमन, पायथ्याशीही रोमन, आणि मधल्या गावात तो. जमिनीवरून त्याला हलवता येत नव्हते आणि समुद्रातून त्याची रसद चालू होती. ती तोडायची तर आरमार हवे होते, आणि आरमाराला पैसा नव्हता.

पॉलिबियस लिहितो की तेव्हा शहरातले मातबर लोक पुढे आले. ऐपतीप्रमाणे कोणी एकट्याने, कोणी दोघांनी, कोणी तिघांनी मिळून एकेक जहाज सर्व सामानासकट बांधून द्यायचे ठरवले. मोहीम यशस्वी झाली तर पैसे परत मिळतील, एवढीच अट होती. अशी २०० जहाजे झाली. त्यांचा नमुनाही उसनाच होता. लिलिबियम या सिसिलीतल्या कार्थेजी बंदराच्या वेढ्यात रोमन पहारा हव्या त्या वेळी फोडून आत-बाहेर करणाऱ्या ‘रोडियन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हॅनिबलचे चपळ जहाज (हा निराळा हॅनिबल) रोमच्या हाती लागले होते, त्याच्याबरहुकूम ही नवी जहाजे घडवली. पॉलिबियस त्यांना क्विन्क्वेरीम, म्हणजे मोठ्या जातीच्या वल्ह्यांच्या युद्धनौका, म्हणतो. एक्नोमसच्या वर्णनात तो एका क्विन्क्वेरीमवर ३०० वल्हेकरी आणि १२० लढवय्ये धरतो. त्या मापाने या आरमाराला ६०,००० वल्हेकरी लागले असते. हा आकडा अतिशयोक्त मानला तरी कर्जाची अट साधी नव्हती, एवढे उघड आहे. मोहीम फसली असती तर सावकारांची सगळी रक्कम बुडाली असती, कारण तारण म्हणून पुढ्यात विजयाखेरीज काहीच नव्हते.

प्रत्यक्ष लढाई थोडक्यात सांगून होते. २४२ च्या उन्हाळ्यात कॉन्सल गायस लुटॅटियस कॅटुलस हे आरमार घेऊन सिसिलीला पोहोचला. त्याचा जोडीदार कॉन्सल मार्स देवाचा पुजारी होता, म्हणून त्याला शहराबाहेर जायला बंदी करण्यात आली आणि क्विंटस व्हॅलेरियस फाल्टो या प्रेटरला (कॉन्सलच्या खालोखालचा अधिकारी) सोबत दिले गेले. कार्थेजचे आरमार तेव्हा घरी परतलेले होते, त्यामुळे द्रेपानाचे बंदर आणि लिलिबियमपुढचे नांगरवाडे रोमला फुकटात मिळाले. तिथे बसून लुटॅटियसने वल्हेकऱ्यांकडून रोज सराव करून घेतला, त्यांच्या खाण्यापिण्यावर लक्ष ठेवले. द्रेपानाच्या वेढ्यातल्या एका चकमकीत तो स्वतः जबर जखमी झाला. कार्थेजचा सेनापती हॅनो मार्चमध्ये निघाला. त्याची जहाजे धान्य आणि सामानाने भरलेली होती. आधी एरिक्सला जाऊन माल उतरवायचा, हॅमिल्कार आणि त्याचे निवडक शिपाई जहाजांवर घ्यायचे आणि मगच रोमनांना भिडायचे, असा त्याचा बेत होता. तो मारेत्तिमोपर्यंत आला, लुटॅटियस फाविन्यानाला येऊन थांबला. सकाळी पाहतो तो वारा हॅनोच्या शिडात भरणारा, रोमनांच्या तोंडावर येणारा, आणि समुद्र खवळलेला. थांबावे तर हॅमिल्कार जहाजांवर चढणार, निघावे तर वाऱ्याविरुद्ध वल्ही मारायची. लुटॅटियसने निघायचे ठरवले. त्याच्या जहाजांवर लढाईला लागेल तेवढेच सामान होते. समोरची जहाजे जड होती, त्यांचे वल्हेकरी कच्चे होते आणि त्यांच्यावरचे शिपाई घाईत भरती केलेले होते. पॉलिबियसच्या मते कार्थेजची ५० जहाजे बुडाली आणि ७० पकडली गेली. डायोडोरस हा दुसरा ग्रीक इतिहासकार एकूण ११७ म्हणतो आणि रोमचीही ८० कामी आली असे सांगतो. मग वारा फिरला आणि उरलेली जहाजे शिडे उभारून पळाली.

आतापर्यंतची सगळी मांडणी ग्रंथांवर उभी आहे, आणि त्यातला मुख्य साक्षीदार पॉलिबियस ही लढाई होऊन शंभरेक वर्षांनी लिहीत होता. पण एगादीच्या बाबतीत गेल्या वीस वर्षांत दुसरा साक्षीदार उभा राहिला आहे, तो समुद्राच्या तळाशी. प्राचीन युद्धनौकेच्या नाळेला, पाण्याच्या पातळीवर, ब्राँझचे ओतीव टोक बसवलेले असे. त्याला रॅम म्हणतात. पुढून पाहिले तर त्याला तीन आडवी पाती दिसतात. शत्रूच्या लाकडात रुतून बसण्यापेक्षा फळ्यांचे सांधे उसवावेत, अशी त्यांची रचना असते. २००४ च्या सुमारास असा एक रॅम त्रापानीतील एका दंतवैद्याकडून जप्त झाला. तो मच्छीमाराच्या जाळ्यात आला होता. सेबास्तियानो तुसा या पुरातत्त्वज्ञाने माग काढत, सिसिलीचे सागरी पुरातत्त्व खाते आणि आरपीएम नॉटिकल फाउंडेशन यांच्या मदतीने २००५ पासून लेव्हान्झोच्या वायव्येचा तळ चाळायला सुरुवात केली. सुमारे ऐंशी मीटर खोलीवर आजवर पंचविसाहून अधिक रॅम, रोमन पद्धतीची शिरस्त्राणे आणि मातीचे कुंभ मिळाले आहेत. प्राचीन काळातली एवढी मोठी आरमारी लढाई नेमकी कुठे झाली हे हाताने दाखवता येते, असे दुसरे ठिकाण नाही. (तुसा २०१९ मध्ये इथिओपियातील विमान अपघातात गेले. तारीख १० मार्च होती, आणि रोमन पंचांगाप्रमाणे लढाईचीही तीच.)

या रॅमवर अक्षरे आहेत. एका कार्थेजी रॅमवरच्या लेखात शत्रूचे जहाज फोडण्यासाठी बआल देवाला साकडे घातले आहे, असा त्याचा अर्थ लावतात. लॅटिन लेख मात्र कोरडे आहेत. अमक्याचा मुलगा अमुक, क्वेस्टर, याने तपासून पसंत केले, इतकेच. क्वेस्टर म्हणजे रोमच्या खजिन्याचा अधिकारी. काही रॅमवर तीच नावे पुन्हा येतात, म्हणजे एकाच ठेक्यातला माल एकाच अधिकाऱ्याने पास केलेला दिसतो. यावरून कार्थेज देवभोळे आणि रोम हिशेबी असा निष्कर्ष काढायचा मोह होतो, पण तो टाळावा. रोमन रॅमवर विजयादेवीच्या आकृतीही आहेत, आणि रोमनांना शकुनांचे किती वेड होते हे कोंबड्यांच्या गोष्टीतच दिसले. लेखांतून निघते ते याहून साधे आहे. जहाजाचे सामान कोणीही बनवले आणि पैसा कुठूनही आला, तरी ते सरकारी अधिकाऱ्याच्या हाताखालून जाई आणि त्याचे नाव त्यावर कायमचे राहत असे. खासगी पैसा सरकारी कामात घालणाऱ्याला याहून अधिक भरवसा काय हवा?

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. बुडालेली जहाजे बहुतेक हरलेल्या बाजूची असायला हवीत, मग लॅटिन लेखांचे रॅम इतके कसे? काही अभ्यासकांचे उत्तर असे की २४९ मध्ये द्रेपानाला पकडलेली रोमन जहाजेच कार्थेजने पुढे वापरली. तसे असेल तर हे रॅम कर्जाच्या आरमाराचे नाहीतच, आधीच्या सरकारी आरमाराचे आहेत, आणि कर्जाचा पुरावा म्हणून ते बाद ठरतात. हे मी मान्य करतो. कर्ज झाले याला हे रॅम पुरावा नाहीत. पण कर्ज ज्या व्यवस्थेत ओतले गेले ती व्यवस्था कर्जाच्या आधीपासून रुळलेली होती, याला ते पुरावा आहेत, आणि माझ्या मुद्द्याला हेच अधिक उपयोगाचे आहे. दुसरी अडचण आकाराची. इस्राएलच्या अथलित किनाऱ्याजवळ १९८० मध्ये सापडलेला रॅम ४६५ किलोंचा आहे. एगादीचे बहुतेक रॅम त्याच्या निम्म्याहूनही हलके आहेत. ते क्विन्क्वेरीमला पुरणारे नाहीत, ट्रायरीम या त्याहून लहान जातीच्या जहाजांना शोभणारे आहेत. म्हणजे पॉलिबियसने सगळ्या जहाजांना सरसकट क्विन्क्वेरीम म्हटले असावे. ट्रायरीमला सुमारे १७० वल्हेकरी पुरत. त्या हिशेबाने दोनशे जहाजांना ३४,००० माणसे लागली असती. कर्जाचा आकडा यामुळे खाली येतो, आणि खरे सांगायचे तर तो अधिक पटण्याजोगा होतो. दमलेल्या शहरातले काही शेकडो धनिक साठ हजार माणसांचे आरमार उभे करतात, हे ऐकून भुवया उंचावतात. चौतीस हजारांचे त्यांना झेपले असेल.

तरीही कोणी म्हणेल की देशप्रेमाने पेटलेले धनिक ही रोमन घराण्यांनी स्वतःविषयी रचलेली गोड कथा आहे. पॉलिबियसचा एक आधार फेबियस पिक्टर हा रोमन सिनेटरच होता, आणि पॉलिबियसनेच त्याच्यावर पक्षपाताचा ठपका ठेवला आहे. देशप्रेमाची बाजू मीही सोडून देतो. पण हाच व्यवहार पुढच्या युद्धात पुन:पुन्हा होताना दिसतो, आणि तिथले तपशील अजिबात गोड नाहीत. २१५ मध्ये स्पेनमधल्या फौजेला कपडे आणि धान्य उधारीवर पुरवायला एकोणीस ठेकेदारांच्या तीन मंडळ्या तयार झाल्या. त्यांनी दोन अटी घातल्या : आम्हाला लष्करी चाकरी माफ, आणि वादळाने किंवा शत्रूने माल बुडाला तर नुकसान सरकारचे. मग पोस्टुमियस नावाच्या ठेकेदाराने जुनी मोडकी जहाजे थोडासा माल भरून मुद्दाम बुडवायला सुरुवात केली. खलाशांना उचलून घ्यायला होड्या आधीच तयार ठेवायच्या आणि भरपाई मात्र भरगच्च मालाची मागायची. सिनेटला हे कळल्यावरही ती काही काळ गप्प बसली, कारण ऐन युद्धात ठेकेदारांना दुखवायचे नव्हते. २१० मध्ये सिनेटरांनी आपले सोने-चांदी खजिन्यात आणून जमा केले. २०४ मध्ये त्याची परतफेड तीन हप्त्यांत करायचे ठरले. २०० मध्ये तिसरा हप्ता थकला तेव्हा सावकार सिनेटपुढे उभे राहिले, आणि तडजोड म्हणून त्यांना रोमपासून पन्नास मैलांच्या आतली सरकारी जमीन नाममात्र खंडाने मिळाली. हा सगळा तपशील रोमन इतिहासकार लिव्हीचा आहे, आणि लिव्ही रोमचा टीकाकार नव्हे. कथा रचायची असती तर ठेकेदारांची लबाडी आणि थकलेले हप्ते त्यात कोणी घातले नसते. सरकारला पैसे देणे ही रोमच्या धनिकांची सवय होती, आणि दिलेले पैसे मागून घेणे ही त्याहून पक्की.

कार्थेजही श्रीमंतांचे राज्य होते, रोमपेक्षा कितीतरी अधिक व्यापारी. मग तिथल्या धनिकांनी थैल्या का सोडल्या नाहीत? कार्थेजचे स्वतःचे ग्रंथ उरलेले नाहीत, आणि त्याची बाजू घेऊन लिहिणारा फिलिनस दुसऱ्यांनी दिलेल्या उताऱ्यांतूनच भेटतो. पण जे उरले आहे ते एकाच दिशेने बोट दाखवते. आप्पियन हा ग्रीक इतिहासकार सांगतो की कार्थेजने इजिप्तच्या टॉलेमी राजाकडे २,००० टॅलेंट (टॅलेंट हे चांदी मोजायचे वजन) कर्ज मागितले. राजा दोघांचाही मित्र होता. मित्राला शत्रूविरुद्ध मदत करता येते, मित्राविरुद्ध नाही, असे सांगून त्याने ते नाकारले. गरज पडली तेव्हा रोमने घरात हात पसरले आणि कार्थेजने परक्याच्या दारात. घरातून मिळत होते ते कर्जाने मिळत नव्हते, ते वसुलीने मिळत होते. युद्धकाळात आफ्रिकेतल्या लिबियन शेतकऱ्यांकडून निम्मे पीक घेतले जाई आणि गावांवरचा कर दुप्पट केला गेला होता. जो सुभेदार सर्वांत जास्त ओरबाडून आणी, त्याची कार्थेजमध्ये वाहवा होई. लोकांशी सौम्यपणे वागणाऱ्याला तिथे कोणी विचारीत नसे.

रोम वाऱ्यामुळे आणि शत्रूच्या कच्च्या वल्हेकऱ्यांमुळे जिंकला, हा आक्षेप या उजेडात पाहिला पाहिजे. हॅनोचे खलाशी शिकाऊ का होते? रोमन पुन्हा समुद्रावर येतील असे वाटले नाही, म्हणून कार्थेजने आरमाराची हेळसांड केली, असे पॉलिबियस म्हणतो. पण बसून असलेल्या वल्हेकऱ्यालाही रोज खायला लागते, आणि ज्या शहराने दूतामार्फत २,००० टॅलेंट मागून पाहिले होते त्याची हेळसांड ही बहुधा काटकसर होती. त्याच वर्षांत त्याची दुसरी फौज आफ्रिकेत आतवर मुलूख जिंकत होती, तिचाही खर्च होताच. लुटॅटियस सिसिलीला आल्यापासून हॅनो निघेपर्यंत तीनेक ऋतू गेले. हा वेळ माणसे आणि जहाजे जमवण्यात गेला. वारा तर त्या सकाळी हॅनोच्याच बाजूचा होता. नशिबाचे पारडे मोजायचे तर २५५, २५३ आणि २४९ ची वादळेही मोजली पाहिजेत. त्या तिन्ही मोठ्या प्रसंगी समुद्र रोमच्याच विरुद्ध गेला होता आणि तरी २४१ मध्ये रोमकडे पणाला लावायला आरमार होते. पॉलिबियसच्या बेरजेत रोमने या युद्धात सुमारे ७०० जहाजे गमावली आणि कार्थेजने ५००. अधिक गमावणारा जिंकला.

तहात हे सावकारी गणित सर्वांत स्पष्ट दिसते. लुटॅटियस आणि हॅमिल्कार यांनी ठरवलेला पहिला मसुदा असा होता : कार्थेजने सिसिली सोडावी आणि २,२०० टॅलेंट चांदी वीस वर्षांत द्यावी. रोमच्या सभेने तो फेटाळला. दहा जणांचे मंडळ सिसिलीला गेले आणि नवी अट आली : १,००० टॅलेंट ताबडतोब, वर २,२०० दहा वर्षांत. एक टॅलेंट सुमारे २६ किलोंचा, म्हणजे पहिल्या हप्त्यातच २६ टन चांदी. वाढीव रक्कम नेमकी रोख आणि तात्काळ का मागितली गेली, हे कोणताही प्राचीन लेखक सांगत नाही. पण विजय मिळाल्यावर परतफेड असे ठरलेले होते, सावकार दारात उभे होते, आणि युद्ध व तहाचा निर्णय घेणाऱ्या सभेत मतांचे वजन मालमत्तेप्रमाणे ठरे. वीस वर्षे वाट पाहण्याची त्यांची तयारी नव्हती, असे मानायला मला काही अडचण दिसत नाही.

ही चांदी कार्थेजने दिली आणि त्याच वेळी सिसिलीहून परतलेल्या आपल्या वीस हजार भाडोत्री शिपायांचा पगार थकवला, वर त्यात काटछाट करायला घासाघीस केली. शिपाई उठले आणि लिबियन गावे त्यांना मिळाली. तिथल्या बायकांनी अंगावरचे दागिने काढून बंडखोरांच्या खजिन्यात दिले, असे पॉलिबियस लिहितो. लोक स्वखुशीने पैसा देतात याचे कार्थेजच्या मुलखातले हे उदाहरण, आणि ते कार्थेजच्या विरुद्ध. बंड मोडायला तीन वर्षांहून अधिक काळ लागला. तेवढ्यात रोमने सार्डिनिया गिळला आणि वर आणखी १,२०० टॅलेंट मागितले. या रेट्यातून हॅमिल्कार २३७ मध्ये चांदीच्या खाणींच्या देशात, स्पेनमध्ये उतरला, आणि नऊ वर्षांचा हॅनिबल त्याच्याबरोबर होता. काही वर्षांनी रोमचे वकील त्याला विचारायला आले की तू इथे काय करतो आहेस. डिओ कॅसियस या इतिहासकाराने नोंदवलेले त्याचे उत्तर असे की, तुमचे देणे फेडायला पैसा हवा आणि तो मिळण्याची दुसरी जागा नाही. वकिलांना यावर काही बोलता आले नाही.